मोजमाप पुरे, आता आत डोकवा

लंडनहून रेल्वेने केंटकडे निघून सिटिंगबोर्नला गाडी बदलली, की दीड-दोन तासांत शिअरनेसला पोचता येतं. थेम्स आणि मेडवे या दोन नद्या जिथे समुद्राला मिळतात, त्या तोंडावरचं हे गाव. किनाऱ्यावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की साधारण अडीच किलोमीटरवर पाण्यातून तीन काठ्या वर आलेल्या दिसतात. आपल्या खाड्यांमध्ये कोळी जाळी बांधायला खांब रोवतात, तसंच काहीतरी असावं असं पहिल्यांदा वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. त्या डोलकाठ्या आहेत, आणि त्यांच्या खाली ‘एसएस रिचर्ड माँटगोमेरी’ नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन मालवाहू जहाज आहे. त्याच्या पुढच्या भागात सुमारे १,४०० टन स्फोटकं अजून तशीच आहेत.

गावकऱ्यांनी याचा विनोद करून टाकलाय. तिथल्या एका भिंतीवर जलपरीचं चित्र आहे. ती सुरुंग उडवायची दांडी दाबते आहे, आणि सोबत पाहुण्यांचं स्वागत करताना ‘धमाल’ आणि ‘धमाका’ यांवर केलेला इंग्रजी श्लेष. ऐंशी वर्षं शेजारी बॉम्ब ठेवून राहिलं की माणूस दुसरं काय करणार?

या जहाजाबद्दल मराठीत आणि इंग्रजीतही जे वाचायला मिळतं, त्यात बहुतेक वेळा ‘उद्या फुटलं तर’ याचंच वर्णन असतं. मला त्यापेक्षा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. या जहाजाची पाहणी जगातल्या फार थोड्या बुडालेल्या जहाजांची होत असेल इतक्या निगुतीने, वर्षानुवर्षं होते आहे. तरीही ज्या गोष्टीसाठी ही सगळी काळजी, ती गोष्ट, म्हणजे आतला माल, कुणी नीट पाहिलेलीच नाही. आपण डब्याचा पत्रा मोजतो आहोत, डबा उघडून बघत नाही आहोत. माझ्या मते हे आता बदलायला हवं.

आधी हे जहाज तिथे पोचलं कसं ते पाहू. युद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या त्यापेक्षा जास्त वेगाने जहाजं बांधायची, असा अमेरिकेचा हिशेब होता. त्यातून ‘लिबर्टी’ प्रकारची २,७०० हून अधिक जहाजं तयार झाली. रिव्हेट ठोकत बसायला वेळ नव्हता, म्हणून पत्रे वेल्डिंगने जोडलेले. माँटगोमेरी १९४३ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला बांधलं गेलं. (ज्याचं नाव दिलं तो सेनापती रिचर्ड माँटगोमेरी १७७५ मध्ये क्वेबेकवर चाल करून जाताना ब्रिटिशांविरुद्ध लढत मेला. त्याच्या नावाचं जहाज ब्रिटनच्या गळ्यात पडावं, हा इतिहासाचा खट्याळपणा.) ऑगस्ट १९४४ मध्ये हे जहाज सहा हजार टनांहून जास्त दारूगोळा घेऊन अटलांटिक ओलांडून आलं. नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरून दोन महिने झाले होते आणि हा माल फ्रान्समधल्या शेरबूर बंदरात जायचा होता. पुढच्या ताफ्याची वाट बघायला त्याला शिअरनेसजवळच्या वाळूच्या दांड्याच्या कडेला नांगर टाकायला सांगितलं गेलं.

कोकणात वाढलेल्या कुणालाही पुढची गोष्ट लगेच समजेल. जहाज पाण्याखाली सुमारे ३१ फूट होतं. जिथे ते घसरत गेलं तिथे पाणी २४ फूट. २० ऑगस्टला नांगर ओढला गेला आणि जहाज वाळूवर चढलं. आसपासच्या जहाजांनी भोंगे वाजवून सावध केलं, पण उपयोग झाला नाही. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे उधाणाची भरती. उधाणाला वाळूत रुतलेली होडी पुढच्या भांगाच्या भरतीला सुटत नाही, पुढच्या उधाणाची वाट पाहावी लागते. म्हणजे दोन आठवडे. तेवढे दिवस या जहाजाकडे नव्हते. ओहोटीला पाणी उतरलं की टोकाचे भाग आधाराविना लोंबकळत, मधल्या भागावर ताण येई, भरतीला पुन्हा उचललं जाई. लोखंडी तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसंच. २३ ऑगस्टला गोदी कामगारांनी जहाजावरच्याच याऱ्यांनी माल उतरवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी जहाज तडकलं. पुढचे होल्ड, म्हणजे माल ठेवायचे कप्पे, पाण्याने भरले. मागच्या भागातला माल महिनाभर खपून बाहेर काढला गेला. २५ सप्टेंबरला काम सोडून दिलं. नंतर जहाजाचे दोन तुकडे झाले.

त्या गोदी कामगारांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. फाटत चाललेल्या जहाजावर चढून, पाचशे आणि हजार पौंडांचे बॉम्ब एकेक करून त्यांनी उचलले. जवळजवळ निम्मा माल त्यांनी काढला म्हणूनच आज १,४०० टनांबद्दल बोलतो आहोत, सहा हजारांबद्दल नाही.

उरलेल्या मालात मुख्यत्वे टीएनटी भरलेले बॉम्ब आहेत: पाचशे, हजार आणि काही दोन हजार पौंडी. हे मोठे बॉम्ब फ्यूजशिवाय नेतात. (फ्यूज म्हणजे इथे विजेचा नव्हे; बॉम्बचा स्फोट सुरू करून देणारी कळ.) अडचण आहे ती लहान बॉम्बच्या जुडग्यांची. अडीच हजारांच्या आसपास अशी जुडगी फ्यूज बसवलेल्या अवस्थेत आत आहेत असं उपलब्ध माहितीवरून मानलं जातं. शिवाय हवा लागताच पेट घेणारा पांढरा फॉस्फरस असलेले धुराचे बॉम्बही आहेत.

१९७० मध्ये श्रीव्हनहॅमच्या लष्करी विज्ञान महाविद्यालयात एक अंदाज बांधला गेला. सगळा माल एकदम फुटला तर ३०० मीटर रुंद पाण्याचा आणि ढिगाऱ्याचा खांब जवळजवळ तीन किलोमीटर वर जाईल आणि पाच मीटर उंचीची लाट उठेल. वर्तमानपत्रं गेली पन्नास वर्षं याच आकड्यांवर जगताहेत. या अंदाजातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘एकदम’ हा आहे. चिखलात वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेला, अर्धवट गाडला गेलेला माल एकदम फुटेल की नाही, हे तो माल कसा रचलेला आहे, मधल्या भिंती उभ्या आहेत की कोसळल्या, यावर अवलंबून आहे. आणि नेमकं तेच आपल्याला माहीत नाही.

मग इतक्या वर्षांत पाहणी कसली झाली? खूप झाली. १९७३ च्या बुडीत जहाज संरक्षण कायद्याखाली हे जहाज ‘धोकादायक’ ठरवलं गेलं. भोवती बोयांचं कुंपण आहे, आत शिरणं गुन्हा आहे, मेडवे बंदरातून चोवीस तास रडारने नजर ठेवली जाते. २०२५ मध्ये वरून कमी उंचीने विमान न्यायलाही बंदी आली. आणि ब्रिटनची सागरी व किनारारक्षक संस्था नियमित सर्वेक्षण करून त्याचे अहवाल प्रसिद्ध करते.

या सर्वेक्षणाचं तंत्र सुंदर आहे, त्यावर थोडं थांबतो. थेम्सच्या खाडीतलं पाणी म्हणजे गाळाचं सूप. पाणबुड्याने हात पुढे केला तर त्याला स्वतःची बोटं दिसायची नाहीत. कॅमेरा निरुपयोगी. म्हणून आवाजाने बघायचं. सर्वेक्षणाच्या बोटीखाली बसवलेलं मल्टिबीम सोनार पंख्यासारख्या पसरलेल्या शेकडो अरुंद झोतांमध्ये प्रतिध्वनी ऐकतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. पंधरा मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पाण्याचं तापमान आणि क्षारता बदलली की हा वेग बदलतो, आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे तर दर भरती-ओहोटीला दोन्ही बदलतात, म्हणून वेगही तिथेच मोजून दुरुस्ती करावी लागते. बोट डुलते, तिचा प्रत्येक कल वेगळ्या उपकरणाने टिपून हिशेबातून वजा करायचा. एवढं केल्यावर लाखो बिंदूंचा ढग तयार होतो आणि त्यातून जहाजाचा आकार उभा राहतो. पाण्यावरच्या डोलकाठ्या लेझरने मोजतात. दोन वर्षांचे ढग एकमेकांवर ठेवले की कुठला पत्रा किती झुकला, डेक कुठे खचला, प्रवाहाने तळाची वाळू कुठे खरवडली हे कळतं. ज्या नदीत डोळ्यांना हातभरही दिसत नाही, तिथे इतकं बारीक कळावं ही मला खरोखर थक्क करणारी गोष्ट वाटते.

पण आवाज पोलादाच्या पृष्ठभागावरून परत येतो. बंद, गाळाने भरलेल्या कप्प्यात काय आहे हे तो सांगत नाही. अहवाल वाचताना हे सारखं जाणवतं. बाहेरचं कवच हळूहळू खराब होतंय, हे दरवेळी अधिक अचूकपणे सांगितलं जातं. बॉम्बच्या आवरणांची स्थिती काय, फ्यूज जिवंत की मेलेले, टीएनटी किती उरलं, यावर मात्र तर्कच. दवाखान्यात दरवर्षी वजन आणि उंची लिहून घ्यावी आणि रक्ततपासणी कधीच करू नये, त्यातला हा प्रकार.

हात न लावण्यामागचा युक्तिवाद मला समजतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. त्याचा आधार म्हणजे ‘किएल्त्से’ हे पोलिश जहाज. तेही दारूगोळा घेऊन १९४६ मध्ये फोकस्टनजवळ इंग्लिश खाडीत बुडालं. १९६७ मध्ये ते मोकळं करायचं काम सुरू असताना त्याचा स्फोट झाला, भूकंपमापकांवर ४.५ रिश्टरच्या आसपासची नोंद झाली, समुद्रतळाला खड्डा पडला. कुणी दगावलं नाही, कारण ते किनाऱ्यापासून काही मैल दूर होतं. माँटगोमेरी तितकं दूर नाही. समोर आइल ऑफ ग्रेनवर युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल आहे आणि टँकरचा जलमार्ग जहाजापासून काहीशे मीटरवरून जातो. तेव्हा ‘झोपलेल्या कुत्र्याला दगड मारू नका’ हे म्हणणं साहजिक आहे.

मात्र किएल्त्सेचं उदाहरण देताना एक तपशील हमखास गाळला जातो. तिथे जहाजाचं कवच फोडायला स्फोटकंच वापरली होती. दारूगोळ्याने भरलेलं जहाज सुरुंग लावून उघडायला गेलं तर काय होईल, हा प्रयोग त्यांनी केला आणि उत्तर मिळालं. त्यावरून ‘स्पर्श केला की फुटतं’ असा नियम निघत नाही. ‘अशा रीतीने स्पर्श करू नका’ एवढाच निघतो. १९४४ च्या गोदी कामगारांनी याच जहाजातून हजारो टन माल यारीने उचलला होता, हेही स्पर्शाचंच उदाहरण आहे. त्यांच्या वेळी माल ताजा होता, आज तो ऐंशी वर्षं पाण्यात भिजलेला आहे हे मान्य. पण मग प्रश्न हाच, की भिजल्याने तो सुरक्षित झाला की धोकादायक?

रसायनशास्त्र इथे दोन्हीकडे बोलतं. टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लिटरभर पाण्यात साधारण दशांश ग्रॅम. त्यामुळे ‘राहू द्या, वाहून जाईल’ ही आशा फोल आहे. ते स्वभावाने शांत स्फोटक आहे, वितळवून साच्यात ओतता येतं म्हणून तर ते इतकं वापरलं गेलं. फ्यूजची गोष्ट वेगळी. त्यात लेड अझाइड असतं. ओलावा लागला की त्यातून हायड्रॅझोइक आम्ल सुटतं आणि ते फ्यूजच्या पितळेतल्या तांब्याशी मिळून कॉपर अझाइड बनवू शकतं, जे किंचित घर्षणानेही फुटतं. दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ म्हणतात, फ्यूजमध्ये पाणी पुरतं शिरलं असेल तर ही संयुगं केव्हाच धुऊन गेली असतील. दोघांचंही रसायनशास्त्र बरोबर आहे. पाणी किती शिरलं हे ठाऊक नसल्यामुळे कुणाचं लागू पडतं ते सांगता येत नाही. २०२४ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी महायुद्धातल्या न फुटलेल्या दारूगोळ्यातलं अमॅटॉल (टीएनटी आणि अमोनियम नायट्रेटचं मिश्रण) तपासलं, तेव्हा काही नमुने धक्क्याला मूळच्यापेक्षा बरेच जास्त संवेदनशील झालेले आढळले. अमॅटॉल म्हणजे शुद्ध टीएनटी नव्हे, त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा चिकटवू नये. मात्र ‘जुनं झालं म्हणजे निवळलं’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

कवचाबद्दल असा वाद नाही. ते दरवर्षी पातळ होतंय. आज आत शिरायला उभ्या भिंती आहेत, कप्पे ओळखता येतात, कुठला माल कुठे होता याच्या नोंदींचा उपयोग आहे. भिंती कोसळून सगळं एकमेकांवर पडलं की तीच कामगिरी कितीतरी अवघड होईल. म्हणून ‘थांबणं’ हा फुकटचा पर्याय नाही. त्याचं व्याज पुढची पिढी भरणार आहे.

इथे मला मुंबईची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी आजी गिरगावात वाढली. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चार वाजून गेल्यावर मांडणीवरची भांडी खाली आली आणि सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला, हे ती आम्हाला शंभरदा सांगायची. बॉम्ब नव्हता, व्हिक्टोरिया डॉकमधलं ‘फोर्ट स्टिकीन’ होतं. माँटगोमेरी वाळूवर चढण्याआधी चार महिने. फोर्ट स्टिकीनवर दारूगोळा आणि स्फोटकं मिळून १,३९५ टन होती. (माँटगोमेरीच्या १,४०० शी हा आकडा जुळतो, पण तुलना जपून करावी. एका ठिकाणी बॉम्बच्या आवरणासकट वजन धरलेलं असतं, दुसरीकडे फक्त आतल्या स्फोटकाचं.) सोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, आणि सोन्याच्या विटा. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. शेकडो माणसं मेली. काही अंदाज हजाराच्या वर जातात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

ती गोष्ट आजी सांगायची तेव्हा त्यात स्फोट असायचा. मी मोठेपणी त्याबद्दल वाचलं तेव्हा मला खटकले ते स्फोटाआधीचे दोन तास. दुपारी आग लक्षात आली. बंब आले, होल्डमध्ये शेकडो टन पाणी ओतलं गेलं. जहाजावर काय आहे हे कप्तानाला माहीत होतं, लष्कराच्या दारूगोळा अधिकाऱ्यालाही माहीत होतं. जहाज तिथेच बुडवावं, ओढून बाहेर न्यावं की आग विझवत राहावं, यावर प्रत्येकाचं मत होतं. पण सगळ्यांच्या वर हुकूम देऊ शकेल असा कुणीही धक्क्यावर नव्हता. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि निर्णय कुणीच घेतला नाही.

दोन्ही प्रसंग सारखे आहेत असं मी म्हणत नाही. तिथे आग होती, मिनिटं मोजायची होती. इथे थंडगार चिखल आहे आणि दशकं मोजायची आहेत. जहाजाची देखरेख करणारी संस्था म्हणते की मोठ्या स्फोटाची शक्यता फार कमी आहे, आणि त्यावर अविश्वास ठेवायला माझ्याकडे कारण नाही. सारखेपणा आहे तो काम वाटून घेण्यात. सर्वेक्षण करणारे सर्वेक्षण करतात, रडारवाले रडार बघतात, खासदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात. कोणता आकडा आला म्हणजे कोणतं पाऊल उचलायचं, हे मात्र मला या अहवालांमध्ये कुठे सापडलेलं नाही.

डोलकाठ्यांचंच बघा. त्यांच्या वजनाचा ताण खालच्या कुजत्या रचनेवर पडतो, त्या कोसळून मालावर आदळू शकतात, म्हणून त्या कापायच्या हे २०२० मध्ये जाहीर झालं. त्यानंतर तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. काम सोपं नाही हे कबूल. तळावर आधी काय काय पडलंय ते तपासावं लागतं. पण तीन काठ्यांना जर इतकी वर्षं लागत असतील, तर उरलेल्या जहाजाचं काय?

बाकीचे देश काय करतात? बाल्टिक समुद्रात जर्मनीने महायुद्धानंतर टाकून दिलेला दारूगोळा काढण्यासाठी दहा कोटी युरो बाजूला काढले आणि २०२४ मध्ये ल्युबेकच्या उपसागरात प्रायोगिक काम सुरू केलं. माल ओळखणं, उचलणं, वर्गवारी करणं हे शक्य तितकं दूरनियंत्रित यंत्रांकडून. सर्बियात प्राहोवोजवळ डॅन्यूब नदीत १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन नौदलाने स्वतःची जहाजं बुडवली होती. २०२२ च्या दुष्काळात पाणी इतकं उतरलं की ती उघडी पडली, त्यांतल्या काहींवर दारूगोळा आहे, आणि नदीतली वाहतूक अडते म्हणून ती काढण्याचं काम हाती घेतलं गेलं. उलट बाजूचं उदाहरणही देतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच निवडलं असं होईल. २०२० मध्ये पोलंडच्या श्विनोउइश्चे इथल्या जलमार्गात पाच टनांहून जड असा ब्रिटिश ‘टॉलबॉय’ बॉम्ब निकामी करताना फुटला. स्फोटक न फोडता जाळून टाकायचं, असा बेत होता, तो फसला. पण आसपासचे सुमारे ७५० लोक आधीच हलवले होते, पाणबुडे धोक्याबाहेर होते, उपकरण दुरून चालवलं जात होतं. कुणालाही इजा झाली नाही. ही घटना मी ‘बघा, फुटतं’ म्हणूनही वाचू शकतो, आणि ‘फुटलं तरी माणसं वाचवता येतात, ठरवून केलं तर’ असंही. मला दुसरं वाचन जास्त पटतं. शिअरनेसला मात्र ७५० नव्हे, हजारो लोक हलवावे लागतील, वायूचं टर्मिनल रिकामं करावं लागेल आणि जलमार्ग बंद करावा लागेल. हा खर्च प्रचंड आहे, आणि खरा अडथळा रसायनशास्त्राचा नसून हाच असावा असा माझा संशय आहे.

मी स्फोटकतज्ज्ञ नाही. ‘उद्या सगळं काढा’ असं म्हणायचा मला अधिकार नाही, आणि तसं म्हणणंही नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. जहाज जिथे तुटलं तिथे दोन तुकड्यांमध्ये भगदाड आहे. तिथून, किंवा जिथे डेक आधीच खचला आहे तिथून, दोरीला बांधलेलं लहान यंत्र आत जाऊ शकतं का, हे आधी दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी बुडीत जहाजावर करून बघावं. कप्प्यांभोवतीच्या गाळाचे नमुने घेऊन त्यात टीएनटी आणि त्याची विघटित रूपं किती आहेत ते मोजावं; बॉम्बची आवरणं किती गळताहेत याचा अंदाज त्यातून हात न लावताच येईल. आणि सर्वेक्षणाच्या अहवालात शेवटी एक पान जोडावं: पत्र्याची जाडी इतकी झाली, डेक इतका खचला, तर अमुक महिन्यांत अमुक करू. धरणाची पातळी मोजताना आपण धोक्याची रेघ आधी आखतो, पूर आल्यावर नाही.

यावर एक मित्र म्हणाला, “अरे, ऐंशी वर्षं फुटलं नाही ना, मग?” तो विम्याच्या कंपनीत आकडेमोड करतो, म्हणून मला जास्तच गंमत वाटली. ऐंशी वर्षं न फुटणं हा त्या ऐंशी वर्षांच्या पत्र्याबद्दलचा पुरावा आहे. पुढचा पत्रा वेगळा आहे. शिवाय आतून काही झालं नाही तरी बाहेरून होऊ शकतं. १९८० मध्ये एक डॅनिश टँकर या जहाजावर आदळता आदळता राहिला होता.

यूकेतल्या वाचकांपैकी कुणाला जायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हा काठ्या जास्त वर दिसतात. दुर्बीण न्या, काठ्यांवर चारही भाषांत नाही, पण इंग्रजीत मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना लावलेली दिसेल. सर्वेक्षणाचे अहवाल सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत. त्यातली रंगीत सोनार चित्रं मुलांना दाखवण्यासारखी आहेत. आणि तुम्ही केंट किंवा एसेक्समध्ये राहत असाल तर तुमच्या खासदाराला एक पत्र लिहा. डोलकाठ्या कधी कापणार हे इतर लोक विचारतातच. तुम्ही विचारा, आत कधी बघणार.